जंतूंना खाणारे जंतू

काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू आपल्याकडील जुन्या घरांच्या देवघरात आजही जपून ठेवलेला आढळतो. त्यातील पाणी वर्षानुवर्षे नासत नाही, अशी श्रद्धा आहे. आणि या श्रद्धेला विज्ञानाचा आधार म्हणून अर्नेस्ट हॅन्किन या आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव हमखास पुढे केले जाते. गंगेच्या न उकळलेल्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू तीन तासांच्या आत मरतात, पाणी उकळले की मात्र ही शक्ती लोपते, असे त्याने १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. त्याला दिसले ते नेमके काय होते, याविषयी अभ्यासकांत अजून एकमत नाही. पुढे १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्टने आणि १९१७ मध्ये फेलिक्स देरेलने जे शोधले त्याविषयी मात्र संशय उरलेला नाही. जीवाणूंचा फडशा पाडणारे विषाणू सृष्टीत आहेत. देरेलने त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जीवाणूभक्षक, हे नाव दिले.

हा फाज जीवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रतिकृती घडवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. आपल्या ठरावीक भक्ष्यावाचून इतर जीवाणूंकडे तो ढुंकूनही पाहत नाही. माणसाच्या पेशींशी तर त्याला कर्तव्यच नसते. यातली एक गोष्ट भाविकांनी ध्यानात घ्यावी. भक्ष्य विपुल तेथेच भक्षक विपुल. म्हणूनच शास्त्रज्ञ फाजच्या शोधात जातात ते गटारांकडे. पाण्यात फाज आहेत म्हणून ते पाणी निर्मळ, हा निष्कर्ष सर्वस्वी उफराटा होय.

या उपचाराशी आपल्या देशाचा संबंध केवळ गंगाजळापुरता नाही. १९२७ मध्ये देरेल स्वतः हिंदुस्थानात आला आणि पंजाबात त्याने कॉलऱ्याच्या रोग्यांना फाज दिले. त्यानंतर आसामात गावोगाव फाज वाटण्याचेही प्रयोग झाले. त्यांतील यश आजच्या काटेकोर कसोट्यांवर पारखलेले नव्हते. मग पेनिसिलिन आले आणि हा विषय मागे पडला. सोव्हिएत जॉर्जियातील तिबिलिसी येथे जॉर्ज एलियावाने १९२३ मध्ये स्थापलेल्या संस्थेत मात्र तो जिवंत राहिला. स्वतः एलियावा १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात मारला गेला.

आता फाजची आठवण होते ती नाइलाजाने. २०१९ या एका वर्षात, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अशाच जीवाणूने मरणपंथाला लागले असता त्यांच्या शिरेतून फाज देण्यात आले आणि ते वाचले. उपचार चालू असतानाच जीवाणूने त्या फाजनाही दाद देणे सोडले, तेव्हा नवा फाज हुडकावा लागला, हा तपशील चमत्कारकथा सांगणारे सहसा गाळतात. फ्रान्स व बेल्जियममध्ये भाजलेल्या रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले तेही निराशाजनकच होते. साठवणीत फाजची शक्ती घटली होती आणि रोग्यांना अपेक्षेहून कितीतरी कमी मात्रा मिळाली होती.

तरीही आम्हांला या उपचारात आशा वाटते, पण ती त्याच्या सोपेपणाची नव्हे. प्रतिजैविक अंदाजाने देता येते, आणि तसेच ते दिले गेले. तापाची कणकण आली की फार्मसीत जाऊन दोन गोळ्या मागायच्या आणि बरे वाटताच उरलेल्या कपाटात टाकायच्या, हा आपला परिपाठ. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद ठेवण्याचे बंधन २०१४ पासून आले, परंतु त्या वह्या उघडून पाहणारा कोण? फाजच्या बाबतीत हा ढिसाळपणा चालणारच नाही. रोग्याच्या अंगातला जीवाणू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागेल, तो ओळखावा लागेल, त्यावर संग्रहातला कोणता फाज चालतो हे पाहावे लागेल आणि मगच औषध सिद्ध होईल. बेल्जियमने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून अशी औषधे रोग्यागणिक बनवून देण्याची वाट २०१८ मध्ये मोकळी केली. आपल्याकडे नुसत्या लघवीचा नमुना वाढवून पाहण्यासाठीही कित्येक तालुक्यांतून तो शहरात धाडावा लागतो, आणि अहवाल हाती येण्यापूर्वी रोग्याचे दुसरे प्रतिजैविक सुरू झालेले असते. फाजचा संग्रह उभारण्याची भाषा करणाऱ्या सरकारांनी पहिला पैसा या प्रयोगशाळांवर घालावा.