तिकीट पक्के, तरी जागा नाही!

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण दारव्ह्याहून उमऱ्यासाठी निघालो. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून रात्री जेद्दा, असा बेत होता. चौघांची तिकिटे एकत्र काढली होती. खालाजान नंतर तयार झाल्या, म्हणून त्यांचे तिकीट वेगळे. नागपूर विमानतळावर आम्हा चौघांना बोर्डिंग पास मिळाले. खालाजानचे तिकीट पाहून काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फ्लाइट फुल आहे. यांना संध्याकाळच्या विमानाने पाठवू."

संध्याकाळचे विमान म्हणजे जेद्दाचे हुकणार. सहासष्ट वर्षांच्या खालाजान पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. आम्ही हात जोडत होतो, त्या तसबीह धरून गप्प बसल्या होत्या. तेवढ्यात रांगेतला एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, कोणी आपणहून जागा सोडतो का, हे आधी विचारायचं असतं ना? मी सोडतो. मला उद्यापर्यंत पोहोचलं तरी चालेल." खालाजान गेल्या, अल्हमदुलिल्लाह. पण त्या मुलाला जो नियम माहीत होता, तो आम्हाला नव्हता, ही गोष्ट मनात राहिली. म्हणून हा लेख.

असे का होते?

प्रत्येक विमानाला तिकीट काढूनही न येणारे काही प्रवासी असतात. रिकाम्या जागेचे नुकसान नको म्हणून कंपन्या अंदाजाने जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटे विकतात. अंदाज बरोबर आला तर कोणाला कळतही नाही. चुकला, म्हणजे सगळेच आले, की कोणालातरी मागे राहावे लागते. जगभर ही पद्धत आहे आणि आपल्याकडेही तिला बंदी नाही. मात्र मागे राहणाऱ्याला भरपाई द्यावी लागते.

नियम काय सांगतो?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, भरपाईचे हे दर १ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहेत. जागा कमी पडल्यास कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे आणि त्यांना त्याबद्दल काही लाभ द्यायचा. कोणी तयार नसेल तरच एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवता येते. मग हिशेब असा:

• मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली, तर भरपाई नाही.
• चोवीस तासांच्या आत दिली, तर एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट. कमाल १०,००० रुपये.
• चोवीस तासांनंतर दिली, तर चौपट. कमाल २०,००० रुपये.
• दुसरे विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर चौपट. कमाल २०,००० रुपये.

अट एकच: तिकीट पक्के हवे आणि आपण वेळेत हजर हवे. उशिरा पोहोचलो तर हक्क संपला. २०२२ साली ही भरपाई नीट न दिल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडियाला १० लाख रुपये दंड केला होता.

यवतमाळकरांनी काय करावे?

यवतमाळला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमानसेवा नाही. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. पुसद-उमरखेडहून तर आणखी लांब. घरी परतून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे सोपे नाही. म्हणून:

१. घरातल्या सगळ्यांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढा. बायका, मुले, वृद्ध यांना वेगळे ठेवू नका. एजंटने तुकडे केले असतील तर आधीच विचारा.

२. वेब चेक-इन सुरू होताच करा आणि सीट नंबर घ्या. नंबर नसलेला, शेवटी येणारा प्रवासीच बहुधा मागे राहतो.

३. नागपूर-मुंबई आणि मुंबई-जेद्दा शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी असतील, तर पहिले विमान हुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तसे करावेच लागले, तर एक दिवस आधी मुंबई गाठा.

४. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचा. बहुतेक कंपन्यांचे काउंटर तासभर आधी बंद होते. घाटात किंवा रस्त्याच्या कामात जाणारा वेळही धरा.

५. दिवसाचे शेवटचे विमान टाळा. सकाळचे हुकले तर संध्याकाळचे तरी असते.

तरीही अडवले तर?

भांडू नका, पण काउंटर सोडूही नका. "जागा नसल्यामुळे थांबवले" असे लेखी मागा. तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. व्हाउचर घेण्याआधी त्याची मुदत वाचा. तक्रार आधी कंपनीकडे आणि मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करा. तिथेही दाद मिळाली नाही, तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

त्या तरुणाचे नाव विचारायचे आमच्याकडून राहून गेले. खालाजान मात्र आजही त्याच्यासाठी दुआ करतात.