धम्मयात्रेला निघताना : उत्तरेची थंडी आणि आपली तब्येत

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की आपल्या वस्त्यांमध्ये धम्मयात्रेची बोलणी सुरू होतात. विहारात नावं लिहिली जातात. बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ. जवळा बाजारहून परभणी गाठून रेल्वेने जायचं, नाहीतर गावातूनच ट्रॅव्हल्सची बस करायची. दहा-बारा दिवसांचा प्रवास. यादीतली निम्मी नावं साठीच्या पुढची असतात, त्यातही आया-बहिणी जास्त. आयुष्यभर निंदणी-खुरपणी करून, बचत गटातून पैसे साठवून ज्यांनी हे ठरवलंय त्यांना ‘जाऊ नका’ मी म्हणणार नाही. जावं, आणि धडधाकट परत यावं. त्यासाठी तयारी नाव लिहितानाच सुरू करायला हवी, गाडी हलल्यावर नाही.

कुणी म्हणेल, थंडी आपल्याकडे काय कमी असते? परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. खरं आहे. पण आपल्याकडे नऊ-दहा वाजले की ऊन पडतं आणि अंगातला गारठा निघून जातो. बिहार-उत्तर प्रदेशात डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत दाट धुकं पडतं, कधी कधी दोन-चार दिवस सूर्यच दिसत नाही. दुपारीही पारा पंधरा-सोळाच्या वर जात नाही. म्हणजे शरीराला ऊब धरायला वेळच मिळत नाही. शिवाय खोल्या सिमेंटच्या, फरशी बर्फासारखी, आणि आपण रात्रीच्या जागरणाने दमलेले. ज्यांना जमेल त्यांनी सरळ फेब्रुवारीच्या मध्यानंतरची तारीख धरावी. धुकं ओसरलेलं असतं, गाड्याही वेळेवर धावतात. माझं मत विचाराल तर ज्या यात्रेत म्हातारी माणसं जास्त आहेत, ती डिसेंबर-जानेवारीत काढूच नये.

बाबासाहेबांनीही हा प्रवास केला होता. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, त्याच दौऱ्यात लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगरला भेट दिली. मधुमेहाने शरीर पार थकलं होतं. पण स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब सोबत होत्या. आपल्या बसमध्ये डॉक्टर नसतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या आजाराची माहिती स्वतःच सोबत बाळगायची.

बीपीवाल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बीपी वाढतं आणि हृदयावर ताण येतो. त्यात पहाटे चारला उठून गार पाण्याने अंघोळ केली, तर तो ताण आणखी वाढतो. निघण्याआधी पंधरा दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्या. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच-सहा दिवस जास्तीच्या घ्या, कारण धुक्यात रेल्वे सात-आठ तास उशिरा धावणं तिकडे नेहमीचं आहे. गोळ्या मोठ्या बॅगेत नको, गळ्यातल्या पिशवीत ठेवा. काही जणांना बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी असते. प्रवासात अडचण नको म्हणून बायका नेमकी तीच सोडतात. तसं करू नका. घेण्याची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

शुगर असणाऱ्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. शेकोटीजवळ, हीटरजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम पुढे महिनोन् महिने भरत नाही. पायांना शेक नको, लोकरी मोजे घाला. रोज झोपताना दुसऱ्याकडून तळवे बघून घ्या. मोज्यांचं आणखी एक कारण आहे. महाबोधी महाविहारात चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात आणि आतली फरशी गार असते. जाड मोज्यांचे दोन जोड तेवढ्यासाठीच ठेवा.

कपड्यांचं बोलायचं तर एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. मधल्या हवेमुळे ऊब टिकते, आणि ऊन पडलं तर एखादा काढताही येतो. आपल्या उपासिका पांढरी साडी नेसतात. ती बहुतेक वेळा सिंथेटिक आणि पातळ असते, वर फक्त एक शाल. साडीच्या आत लोकरी पायजमा किंवा लेगिंग आणि वरून पूर्ण बाह्यांचं इनर घाला. बाहेरून पांढरी साडी तशीच दिसते. कान, डोकं आणि पाय झाकले की निम्मी लढाई जिंकली. घरची वाकळ बसमध्ये न्याच. तिकडे मिळणाऱ्या रजया पुरतील याचा भरवसा नाही.

आता आपल्या समाजाने जास्त मनावर घ्यावी अशी गोष्ट. सिकलसेल. हा आजार विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. हिंगोली विदर्भाच्या सीमेला लागून, आपल्या सोयरिकी वाशीम, यवतमाळ, नागपूरकडे. म्हणजे तो आपल्या घरातही असू शकतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, पोट, छाती असह्य दुखायला लागतात. हा झटका कशाने येतो? गारठा, कमी पाणी, दमणूक आणि ताप. धम्मयात्रेत या सगळ्याच गोष्टी असतात. ज्यांना आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिवाळ्यातल्या यात्रेला निघू नये. निघालंच तर गोळ्या, जास्त ऊब आणि भरपूर पाणी यांत कसर नको. जे फक्त वाहक आहेत, त्यांना सहसा त्रास होत नाही, पण पाण्याची काळजी त्यांनीही घ्यावी. घरातल्या एखाद्या मुलाला वारंवार कावीळ होते, सांधे दुखतात, तरी कुणाचीच तपासणी झालेली नसेल, तर ती यात्रेसाठी थांबू नका. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. पहिल्या साध्या चाचणीत फक्त दोष आहे की नाही एवढंच कळतं. आजार की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच समजतं. म्हणून अर्ध्यावर सोडू नका.

पाण्याचा प्रश्न खरं तर संडासाचा प्रश्न आहे. बस कुठे थांबेल, तिथे आडोसा असेल का, या धास्तीने बायका सकाळपासून घोटभर पाणीही पीत नाहीत. थंडीत तहानही लागत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ, कंबरदुखी, थंडी वाजून ताप. हे दुखणं बायका कुणाला सांगतही नाहीत. उपाय आयोजकाच्या हातात आहे. पैसे भरण्याआधीच बायकांनी एकत्र येऊन सांगावं : दर तीन तासांनी बस संडास असलेल्या पेट्रोल पंपावर थांबली पाहिजे. पंपावरचा संडास वापरायला मागताना संकोच करू नका, तिथे डिझेल भरलं नाही तरी. आयोजक ‘बघू’ म्हणाला, तर दुसरा आयोजक बघा.

रात्रीचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे बंद खोलीतली शेगडी. कोळसा किंवा लाकूड कोंडलेल्या जागेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, कधी अख्खं कुटुंब जातं. धर्मशाळेवाल्याने प्रेमाने शेगडी आणून दिली तरी ती झोपण्याआधी बाहेर ठेवा. खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, गुंगी आली, तर दार उघडून सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत न्या, मग दवाखाना.

‘थंडीत थोडी घेतली तर चालते’ म्हणणारे दोन-चार जण प्रत्येक बसमध्ये असतात. पाचवं शील घेऊन निघालेल्या यात्रेत हे बोलायला लागावं याची लाज वाटते, पण शरीराचंही ऐका. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून गरम वाटतं, आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते. आतून शरीर आणखी गार पडतं.

आपली तरुण पोरं आता लेह-लडाखला निघतात. हेमिस, थिकसेचे विहार बघावेत असेच आहेत. पण लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ. विमानाने एकदम उतरलात तर पहिले दोन दिवस नुसता आराम करा, खारदुंगला नंतर. डोकेदुखी, उलटी, बसल्या जागी धाप अशी लक्षणं आली तर पुढे चढायचं नाही. आराम करूनही वाढली तर लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. सिकलसेलच्या रुग्णाने तर लेहचा विचारच करू नये. वाहकानेही आधी डॉक्टरांना विचारावं.

छातीत कळ, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे दुखणं, थंडीतही दरदरून घाम, किंवा तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं यातलं काहीही झालं तर ‘थंडीने झालं असेल’ म्हणून रात्र काढू नका. ११२ ला फोन करा. बायकांना आणि शुगरवाल्यांना छातीत दुखतंच असं नाही, नुसती धाप आणि मळमळही असू शकते. आयुष्मान कार्ड असेल तर ते घ्या. दुसऱ्या राज्यातही योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर ते चालतं. लुंबिनी नेपाळमध्ये आहे, म्हणून मतदार ओळखपत्र आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही जवळ हवीत.

महाबोधी महाविहारात मोबाइल नेता येत नाही. गर्दीत म्हातारं माणूस चुकलं तर फोन नसतो, हिंदी येत नसते. म्हणून एका जाड कागदावर नाव, गाव, आजार, चालू गोळ्या, रक्तगट, बसमधल्या सोबत्याचा नंबर आणि मुक्कामाच्या जागेचं नाव हिंदीत लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि सेफ्टी पिनने स्वेटरच्या आत लावा. मुक्काम बदलला की कागद बदला. हे काम बसमधल्या कॉलेजच्या मुलींकडे सोपवा, त्या चोख करतात.