तळहातावरची अँबॅसॅडर

टेबलाच्या कडेवरून एक छोटी गाडी खाली पाडून बघा. मुलांच्या खिशात सापडते ना, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, धातूची, तीच. ठण्ण आवाज येईल, दोन कोलांट्या होतील आणि गाडी पुन्हा चाकांवर उभी. फार तर रंगाचा एखादा टवका उडेल.

आता हिशेब करू. ही गाडी खऱ्या गाडीच्या ६४ पट लहान. टेबल पाऊण मीटर उंच. म्हणजे गाडीच्या मापाने ती ४८ मीटरवरून पडली. सोळा मजली इमारतीच्या गच्चीवरून! खरी गाडी तेवढ्यावरून पडली तर भंगारवालासुद्धा भाव करायला पुढे येणार नाही. मग हिला काहीच कसं झालं नाही?

उत्तरासाठी आपली जुनी अँबॅसॅडर घेऊ. लांबी साधारण ४.३ मीटर, वजन अकराशे किलोच्या आसपास. तिची २४ पट लहान प्रतिकृती करायची, म्हणजे १:२४ हे प्रमाण. लांबी आली १८ सेंटीमीटर, वीतभर. पत्र्याचं क्षेत्रफळ मात्र २४ पट नाही, २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पट कमी झालं. आणि वजन? लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटल्या, म्हणून ते १३,८२४ पट कमी. अकराशे किलोंचे उरले ८० ग्रॅम. आख्खी अँबॅसॅडर, इंजिन, सीट, स्टेपनीसकट, आणि वजन एका नागपुरी संत्र्याहूनही कमी!

इथेच गंमत आहे. वस्तूची ताकद तिच्या जाडीच्या छेदावर ठरते, म्हणून ती ५७६ पट घटली. पण तिला पेलायचं ओझं घटलं १३,८२४ पट. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने छोटी गाडी २४ पट दणकट झाली, काहीही न करता. मुंगी स्वतःहून कितीतरी जड दाणा ओढून नेते, त्यामागेही बरंचसं हेच गणित आहे. व्यायामशाळा नव्हे, भूमिती.

उलटा हिशेब तर आणखी भन्नाट. ती खिशातली १:६४ ची गाडी तराजूत टाकली तर साधारण ३५ ग्रॅम भरते. तिला जशीच्या तशी खऱ्या आकाराची केली तर? गुणिले २,६२,१४४. नऊ टनांहून जास्त! मालाने भरलेला ट्रकच म्हणा की.

गाड्यांच्या प्रतिकृती बांधणं हा छंद मला नेमका इथे झपाटून टाकतो. वरवर वाटतं, सगळ्याला चोवीसाने भागलं की काम झालं. पण निसर्ग भागाकार मानत नाही. गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, रंगाचा थर लहान होत नाही, उजेड तर अजिबातच होत नाही. सिनेमात छोटी गाडी दरीत कोसळताना दाखवली की आपल्याला लगेच कळतं, खोटी आहे. कारण ती फार पटकन पडते. त्यावर तोड काय? १:२५ ची गाडी असेल तर २५ चं वर्गमूळ काढायचं, ५. कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं. गाडी जड होऊन सावकाश कोसळते, आणि आपण खुर्ची घट्ट धरतो.

पण ही प्रमाणं तरी कुठून आली? २४, ४३, ६४... ४३ म्हणजे काय? कोणाच्या डोक्यात येईल असा आकडा? झालं असं, की इंग्रजांच्या एका खेळण्यातल्या आगगाडीचं माप होतं एका फुटाला सात मिलिमीटर. अर्धं माप इंची, अर्धं मेट्रिक, अशी खिचडी. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर, भागा सातने. साडेत्रेचाळीस! १९३० च्या दशकात मेकॅनो कंपनीने आगगाडीच्या स्टेशनाबाहेर मांडायला छोट्या मोटारी काढल्या, त्या पुढे ‘डिंकी’ नावाने जगभर गाजल्या, आणि त्या खिचडीचा आकडा मोटारींना कायमचा चिकटला. १:२४ सरळ आहे, फुटाला अर्धा इंच. जपानच्या तामिया कंपनीच्या रणगाड्यांचं १:३५ हे प्रमाण तर मोटर आणि बॅटऱ्या आत मावाव्यात म्हणून जन्माला आलं. जगभरचे शौकीन आज हे आकडे वेदवाक्यासारखे पाळतात!

डिंकीचे साचे म्हातारे झाले तेव्हा त्यातले काही कोलकात्यात आले. इथे त्यांतून गाड्या निघू लागल्या त्या ‘निकी’ नावाने. डिंकीचं निकी. नाव असं बदलावं की साच्यात कमीत कमी खोडाखोड व्हावी.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा साहेबाचा खेळ. थांबा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय असतं? तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले, आता पोरांची पाळी. लाकडाचा नंदी, त्याच्या चार पायांखाली पाटी, पाटीला चार चाकं, गळ्यात दोरी, अंगावर झूल. पोरं तो ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असं नागपूरकर सांगतात. काही नंदी मुठीएवढे, काही माणसाहून उंच. शिंगांना बेगड, डोळ्यांत काजळ, वशिंडावर घुंगरमाळ. मॉडेलवाले ज्याला ‘डिटेलिंग’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि बैलाला चाकं असतात का, असा प्रश्न आजवर एकाही पोराने विचारलेला मी ऐकला नाही.

याहीपेक्षा मागे जायचंय? अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबाद. १९७४ मध्ये तिथे झुडपाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार वस्तू हाती लागल्या. बहुतेक अभ्यासक त्यांना साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. चारही मिळून वजन ६० किलोंवर. गेंडा आणि रेडा चक्क चाकांवर उभे. आणि आणखी एक वस्तू म्हणजे बैलांची जोडी जुंपलेला रथ, आत उभा हाकणारा माणूस, आणि दांडीवर एक कुत्रा. कुत्रा! रथ चालायला कुत्र्याची गरज नव्हती. कोणा कारागिराला वाटलं, असावा. त्या क्षणी तो माझ्या लेखी या छंदातला मूळपुरुष झाला.

मी तिथेही भागाकार करून पाहिला. हाकणारा १६ सेंटीमीटर उंच. खरा माणूस १६० धरला तर प्रमाण आलं १:१०. रथाची लांबी ४५ सेंटीमीटर, म्हणजे खरा असता तर साडेचार मीटर. आपल्या अँबॅसॅडरहून वीतभर लांब! कारागिराने मोजपट्टी लावली होती, असं माझं म्हणणं नाही. पण डोळ्याचा अंदाज बघा.

आता आजच्या किटकडे वळू. खोका उघडला की आत गाडी नसतेच. असतात प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना काड्यांनी लटकलेले शंभरेक तुकडे. ही काय फसवणूक? आख्खी गाडी एकदम का नाही ओतत? मोदकाचा साचा आठवा. दोन पाकळ्या उघडल्या की मोदक सुटतो, कारण त्याचा कुठलाही भाग आत वळून अडकत नाही. पोलादी साच्याचं तसंच. गरम पॉलिस्टायरिन दाबाने आत शिरतं, थंड होतं, साचा उघडतो, आणि तुकडा सरळ बाहेर यायला हवा. गाडी मात्र सगळीकडून आत वळलेली असते: चाकांच्या कमानी, बंपरची पोकळी, दारांच्या खाचा. म्हणून तिला असं फोडायचं की प्रत्येक तुकडा सुखाने सुटेल. किट बनवणारा आधी गाडी मोडायला शिकतो. तामियाने आपल्या मोठ्या पोर्शेच्या किटसाठी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि स्क्रू-स्क्रू सुटी केली. खेळण्यासाठी!

तुकडे जोडायला जे लागतं त्याला सगळे ग्लू म्हणतात, पण ते चिकटवत नाही. ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही कडा क्षणभर ओल्या कणकेसारख्या होतात, दाबल्या की एकमेकींत मिसळतात, मग पातळ द्रव उडून जातो. मध्ये काहीही उरत नाही. सांधा म्हणून जो राहतो तो नुसता प्लॅस्टिकचा, अखंड.

आणि मग रंग. इथे खरी परीक्षा. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण १०० मायक्रॉन, केसाहून थोडा जाड. चोवीसाने भागला तर चार मायक्रॉन. असा थर कोणी मारायचा? प्रायमर, रंग आणि वरची चकाकी मिळून हाताने मारलेला थर सहज चाळीस मायक्रॉन होतो. म्हणजे गाडीच्या मापाने एक मिलिमीटर रंग! डेंटिंग-पेंटिंगवाल्याने असं काम केलं तर गिऱ्हाईक गॅरेजमध्येच भांडेल. दाराची फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर, प्रतिकृतीत ०.१७. दोन्ही कडांवर रंग चढला की जवळजवळ अर्धी फट गिळली. म्हणून जाणते लोक रंगाआधीच टोकदार हत्याराने ती फट खोल कोरून ठेवतात. चमचमता रंग घेतला तर आणखी वेगळी आफत. त्यातला २५-३० मायक्रॉनचा चमकता कण गाडीच्या मापाने अर्ध्या मिलिमीटरहून मोठा. गाडी रंगवली की टिकल्या लावल्या, कळू नये!

नागपुरात या कामाला मुहूर्त लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एअरब्रशमधून निघालेला थेंब गाडीवर पोचायच्या आत वाळतो, आणि अंग वॉटरपेपरसारखं खरखरीत होतं. बरं, कूलर लावावा, तर तो खोलीभर दमट हवा सोडतो. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि काळीभोर गाडी दुधाळ दिसू लागते. मी एकदा अशी दुधाळ अँबॅसॅडर केली होती. पाहुण्यांना सांगितलं, धुक्यातली आहे. खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा: हवा कोरडी, ऊन कोवळं.

दमट हवेची दुश्मनी जुनी आहे. धातूच्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी गाड्या कपाटात ठेवल्या ठेवल्या कुसकरून गेल्या. जस्तात चिमूटभर शिसं मिसळलं गेलं की ते कणाकणांच्या मधल्या सीमांवर जाऊन बसतं, आणि ओलाव्यात धातू आतून पोखरला जातो. आधी भेगा, मग बिस्किटासारखा भुगा. लाकडाला वाळवी लागते, तशी ही धातूची वाळवी. कारण कळल्यावर शुद्ध जस्ताचा आग्रह सुरू झाला, म्हणून तुमच्या मुलाची गाडी सोळा मजल्यांवरून पडूनही शाबूत आहे.

टायर काळ्या रंगाने रंगवू नका, असं सगळे सांगतात. गडद करडा वापरा. काही जण त्याला शास्त्र जोडतात: अर्ध्या मीटरवरून १:२४ ची गाडी पाहणं म्हणजे खरी गाडी १२ मीटरवरून पाहणं, आणि मधली हवा रंग फिका करते. मला हे पटत नाही. बारा मीटर हवेने कुठलं टायर फिकं होतं? खाली रस्त्यावर जाऊन बघा. टायर मुळातच करडं असतं, धुळीने. काळं असतं ते आपल्या डोक्यात.

पण फटीचं तसं नाही. खऱ्या दाराच्या फटीत उजेड शिरतो आणि बाहेर येत नाही, म्हणून ती काळी रेघ दिसते. प्रतिकृतीतली उथळ खाच उजळच राहते. मग काय करायचं? अंधार रंगवायचा. गडद तपकिरी तैलरंग पाण्यासारखा पातळ करायचा, ब्रशचं टोक फटीच्या एका कोपऱ्याला फक्त टेकवायचं. बाकी काही करावं लागत नाही. समईच्या वातीत तेल चढतं तसा रंग आपला आपण धावत सुटतो, दाराच्या कडेने खाली, वळणावरून पुढे, पुन्हा वर. दोन सेकंदांत प्लॅस्टिकच्या सलग तुकड्याला दार फुटतं. ते दार आता उघडेल, असं वाटतं. मी कितीदा हे केलंय, तरी दरवेळी श्वास रोखून बघतो.

गाडी तयार झाली की तिला दिव्याखाली ठेवू नये. जानेवारीतल्या सकाळी गच्चीवर न्यावी, कठड्याच्या खडबडीत सिमेंटवर उभी करावी आणि मोबाईल सात सेंटीमीटर उंचीवर धरावा, कारण या मापाच्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतील. सिमेंटचे कण गिट्टी होतात. मागची खरी घरं गाडीच्या मागे जाऊन मुकाट उभी राहतात. पडद्यावर १९७० सालचा एखादा रस्ता, रस्त्यावर अँबॅसॅडर, बॉनेटवर ऊन. बटण दाबायचं तेवढ्यात डाव्या बाजूने एक मुंगळा येतो, एक सेंटीमीटरचा, म्हणजे या जगात घुशीएवढा, आणि पुढच्या टायरपाशी थांबून मिशा हलवत राहतो.