अद्भुत कथेचा पहिला श्रोता

राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटांत आहे, असें आजीनें सांगितलें म्हणजे नातवंडें तें निमूटपणें मान्य करतात. प्राण देहाबाहेर कसा राहील, असा प्रश्न एकही मूल विचारीत नाहीं. परंतु पोपटाची मान मुरगळल्यानंतरही राक्षस पूर्वींप्रमाणेंच हिंडत राहिला, असें आजी चुकून बोलून गेली, तर तींच नातवंडें तिला तत्काळ अडवितात. अशक्य गोष्ट ऐकण्यास त्यांची हरकत नसते. एकदां घालून दिलेला नियम मोडण्यास मात्र असते. अद्भुत कथा आणि विज्ञानकथा यांच्या रचनेंतील सर्वांत बिकट प्रश्न या बालसुलभ हरकतींत दडलेला आहे.

घरगुती जीवनावर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला पडताळा पाहण्यासाठीं भोंवतालचें जग उपलब्ध असतें. चाळींतील नळावरचें भांडण त्यानें चुकीचें रंगविलें, तर चाळींत राहिलेला कोणताही वाचक तें चटकन् ओळखील. मंगळावरील नगर किंवा मंत्रसामर्थ्यावर चालणारें राज्य ज्याला उभारावयाचें असतें, त्याला अशी सोय नाहीं. त्याची सृष्टि त्याच्या डोक्याबाहेर कोठेंच नसते; आणि आपल्या कल्पनेंतील भेगा ज्याच्या त्याला सहसा दिसत नाहींत. म्हणून पुस्तक छापखान्यांत जाण्यापूर्वीं एखादा जाणता श्रोता मिळणें ही अशा लेखकाची निकड होऊन बसते. विसाव्या शतकांत इंग्लंड आणि अमेरिका या देशांतील लेखकांनीं ही निकड निरनिराळ्या मार्गांनीं भागविली. श्रोता कथेला तारतो केव्हां आणि मारतो केव्हां, याचा उलगडा त्या मार्गांच्या इतिहासांत होतो.

ऑक्सफर्ड येथील 'इंकलिंग्ज' हें मंडळ या बाबतींत सर्वांत प्रसिद्ध आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ पुसट कल्पना असा असून त्यांत शाईवाचक शब्दही लपलेला आहे. अर्धवट कल्पना घेऊन शाईशीं खेळणारे लोक, अशी ही कोटी होती. मॉडलिन कॉलेजांतील सी. एस. लूइस यांच्या खोल्यांत गुरुवारीं रात्रीं ही मंडळी जमत, आणि मंगळवारीं सकाळीं 'ईगल अँड चाइल्ड' नांवाच्या पानगृहांत नुसत्या गप्पा होत. अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन, लूइस यांचे वडील बंधु वॉरन, वकिलीचा व्यवसाय करणारे ओवेन बारफील्ड, आणि १९३९ सालीं महायुद्धामुळें ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीबरोबर लंडनहून आलेले चार्ल्स विल्यम्स, हे त्यांतील प्रमुख होत. वॉरन यांनीं या बैठकींचें वर्णन पुढें लिहून ठेवलें आहे. पांचसहा जण आले म्हणजे चहा होई, पाइप पेटत, आणि कोणी कांहीं वाचावयास आणलें आहे कीं नाहीं, अशी लूइस पृच्छा करीत. मग कोणाचें तरी हस्तलिखित बाहेर निघे. हें परस्परस्तुतीचें मंडळ नव्हतें. चांगल्या लेखनाचें कौतुक मनमोकळें होई. वाईट लेखनावरील टीकाही तितकीच निष्ठुर असे.

१९३६-३७ च्या सुमारास लूइस आणि टोल्किन यांच्यांत एक संभाषण झालें. आपणांस आवडतात तशा गोष्टी फारशा कोणी लिहीत नाहीं, तेव्हां त्या आपणच लिहाव्या, असें दोघांनीं ठरविलें. लूइस यांच्या वांट्याला अवकाशप्रवास आला, टोल्किन यांच्या वांट्याला कालप्रवास. लूइस यांनीं आपला भाग पुरा केला. 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' ही मंगळप्रवासाची कादंबरी १९३८ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासाठीं टोल्किन यांनीं आपल्या प्रकाशकाकडे रदबदलीही केली. टोल्किन यांची 'द लॉस्ट रोड' मात्र अर्ध्यावरच थांबली; ती त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनीं, १९८७ सालीं, अपुऱ्या स्वरूपांत छापली गेली. करारांतील निम्मा भाग असा वायां गेला. परंतु त्याच सुमारास, १९३७ च्या डिसेंबरांत, टोल्किन यांनीं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कथेस आरंभ केला होता. तिचीं प्रकरणें त्यांनीं वर्षानुवर्षें या मंडळींना ऐकविलीं, आणि १९५४-५५ सालीं ती तीन खंडांत बाहेर पडली. लूइस यांचें आपल्यावर न फिटणारें ऋण आहे, असें टोल्किन यांनीं पुढें एका पत्रांत लिहिलें. तें ऋण प्रभावाचें नव्हे, निव्वळ उत्तेजनाचें, असा त्यांचा खुलासा होता. फार दिवस लूइस हेच त्यांचे एकमेव श्रोते होते. आपलें लेखन म्हणजे केवळ खाजगी छंद नव्हे, ही जाणीव त्यांना लूइस यांच्यामुळेंच झाली.

उत्तेजनाबरोबर कसबाचे प्रश्नही या मंडळींना सतावीत. १९३९ च्या मार्चमध्यें सेंट अँड्रूज येथें परीकथांवर दिलेल्या व्याख्यानांतून पुढें तयार झालेल्या निबंधांत टोल्किन यांनीं हिरव्या सूर्याचा दाखला दिला आहे. हिरवा सूर्य असें म्हणणें कोणालाही सोपें आहे. परंतु ज्या जगांत तो स्वाभाविक वाटेल असें जग रचण्यास श्रम आणि विचार लागतात. याचें कारण उघड आहे. सूर्य हिरवा केला कीं पहाटेचा रंग बदलतो, पिकांचा रंग बदलतो, कवींच्या उपमा बदलतात आणि सूर्योपासकांचे मंत्रही बदलतात. एक गोष्ट अशक्य ठरविली म्हणजे शंभर गोष्टी तिच्या मागोमाग नीट लावाव्या लागतात, आणि त्या शंभरांतील एखादी लेखकाच्या हातून निसटतेच. ती निसटलेली गोष्ट ओळखणें हें श्रोत्याचें काम.

१९४५-४६ सालीं टोल्किन यांनीं 'द नोशन क्लब पेपर्स' ही कथा लिहावयास घेतली. तिच्यांत भावी काळांतील ऑक्सफर्डचें एक साहित्यमंडळ असून, नायकाला परग्रहावर पोंचवावें कसें, यावर त्याचे सभासद कडाक्याचा वाद घालतात. प्रवासाचें साधन लटकें असेल तर पुढच्या साऱ्या कथेवरचा विश्वास उडतो. चौकट चित्राइतकीच खरी वाटली पाहिजे, असा त्यांतील एकाचा आग्रह आहे. लूइस यांचें धोरण याहून सैल होतें. मंगळासाठीं त्यांनीं यान वापरलें. परंतु १९४३ सालच्या 'पेरेलंड्रा' या कादंबरींत नायकाला शुक्रावर नेण्याचें काम त्यांनीं देवदूतांवरच सोंपविलें. मंगळावर कालवे नाहींत हें बहुधा ठाऊक असूनही त्यांनीं ते कथेंत ठेवले होते. लोकांच्या मनांतील मंगळपुराणांत ते आधींच होते, हें त्यांना पुरेसें वाटलें. एकाच खोलींत बसणाऱ्या दोन मित्रांचीं मतें अशीं भिन्न होतीं, आणि दोघांच्याही कादंबऱ्या वाचकांनीं उचलून धरल्या.

श्रोता नेहमींच उपकारक ठरतो असें मात्र नाहीं. इंकलिंग्जपैकीं ह्यूगो डायसन यांना टोल्किन यांची कथा मुळींच रुचत नसे. त्यांच्या विरोधामुळें ते हजर असतांना तिचें वाचन बंद ठेवण्याची पाळी आली. स्वतः टोल्किनही अशाच कठोर श्रोत्याच्या भूमिकेंत आले होते. १९४९ सालीं लूइस यांनीं नार्नियाच्या पहिल्या कथेचा आरंभ त्यांना वाचून दाखविला, तेव्हां त्यांनीं तो साफ नापसंत केला. निरनिराळ्या पुराणांतील प्राणी एकाच जगांत एकत्र आणणें त्यांच्या काटेकोर दृष्टीला मानवणारें नव्हतें. दहा वर्षांहून अधिक काळ ज्याला आपण धीर देत आलों, त्याच मित्राकडून आलेला हा नकार लूइस यांना निश्चितच जड गेला असेल. सुदैवानें रॉजर लान्सेलिन ग्रीन या दुसऱ्या मित्रानें ती कथा उचलून धरली, आणि १९५० सालीं ती प्रसिद्ध झाली. एकाच श्रोत्यावर सारी भिस्त ठेवली असती, तर ती कदाचित् टेबलाच्या खणांतच राहिली असती.

अमेरिकेंतील संभाषणाचें स्वरूप निराळें होतें. तेथें लेखकासमोर संपादक बसे. न्यूयॉर्कमधील 'अस्टाउंडिंग' या मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल हे आलेल्या लेखकापुढें एखादी कल्पना टाकीत आणि तिच्यावर त्याच्याशीं वाद घालीत. १७ मार्च १९४१ रोजीं त्यांनीं एकवीस वर्षांच्या आयझॅक असिमॉव्ह यांना एमर्सन यांचें ताऱ्यांविषयींचें एक वचन दाखविलें, आणि हजार वर्षांतून एकदांच तारे दिसले तर माणसें काय करतील, असें विचारलें. माणसें वेडीं होतील, असें कॅम्बेल यांचें स्वतःचें मत होतें. त्या प्रश्नांतून 'नाइटफॉल' ही कथा निघाली व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत छापली गेली. कल्पना संपादकाची; परंतु तारे इतके दिवस लपवावयाचे कसे, हें असिमॉव्ह यांना सोडवावें लागलें. त्यांनीं ग्रहाच्या आकाशांत सहा सूर्य ठेवले आणि २०४९ वर्षांतून एकदांच ग्रहणानें काळोख पडेल, अशी योजना केली. यंत्रमानवांच्या तीन नियमांची हकीकत याहूनही बोलकी आहे. २३ डिसेंबर १९४० रोजीं झालेल्या बोलण्यांत कॅम्बेल यांनीं ते नियम मांडले, असें असिमॉव्ह सांगत. ते असिमॉव्ह यांच्याच कथांत होते, आपण फक्त वेगळे काढून दाखविले, असें कॅम्बेल म्हणत. खऱ्या संभाषणांत कल्पनेवरील मालकी ठरविणें किती कठीण असतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

तिसरा मार्ग बरोबरीच्या लेखकांचा. १९५६ सालीं डेमन नाइट, जुडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांच्या पुढाकारानें पेनसिल्व्हेनियांतील मिलफर्ड या गांवीं विज्ञानकथाकारांचें संमेलन सुरू झालें. तेथें हस्तलिखितें सर्वांनीं आधींच वाचलेलीं असत. मंडळी वर्तुळाकार बसून पाळीपाळीनें मत देत, आणि सर्वांचें बोलणें संपेपर्यंत मूळ लेखकानें तोंड उघडावयाचें नाहीं, असा दंडक होता. हा दंडक वरवर क्रूर वाटतो. परंतु त्यांत शहाणपण आहे. पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाच्या घरीं लेखक खुलासा करण्यास जाऊं शकत नाहीं. जें कागदावर नाहीं तें वाचकाला कळणार नाहीं, हा धडा लेखकाला सक्तीच्या मौनांतून मिळतो. १९६८ सालीं रॉबिन स्कॉट विल्सन यांनीं त्याच प्रांतांतील क्लॅरियन येथें नवोदितांसाठीं याच पद्धतीचा वर्ग काढला. पुढें नामांकित झालेल्या ऑक्टेव्हिया बटलर १९७० सालीं या वर्गाच्या विद्यार्थिनी होत्या.

संभाषणाची सत्ता कोठें संपते, हें दुसऱ्या एका बैठकींत स्पष्ट झालें. ४ डिसेंबर १९६२ रोजीं केंब्रिज येथील लूइस यांच्या खोलींत किंग्जली एमिस आणि ब्रायन ऑल्डिस हे दोन लेखक जमले होते, आणि तिघांचें बोलणें ध्वनिमुद्रित होत होतें. 'पेरेलंड्रा' ही कादंबरी कांहीं धार्मिक सिद्धान्त पटविण्यासाठीं रचली असावी, अशी ऑल्डिस यांची समजूत होती. लूइस यांनीं ती खोडून काढली. प्रथम त्यांच्या मनांत फक्त तरंगत्या बेटांचें चित्र आलें. अशीं बेटें ज्यांत असूं शकतील असें जग नंतर उभारावें लागलें, आणि आशय त्या जगांतून निघाला. बैठकींत गांभीर्याचें अवडंबर नव्हतें. एमिस कांहीं शोधीत आहेत असें पाहून, राख झाडावयाची असेल तर खुशाल गालिच्यावर झाडा, असें लूइस यांनीं सांगितलें. पाहुणे शोधीत होते ती व्हिस्की. पुढें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं, लूइस यांचें निधन झालें. तें संभाषण मात्र छापील स्वरूपांत उरलें आहे.

तरंगत्या बेटांचें चित्र कोणत्याही मंडळाला ठराव करून लेखकाला देतां आलें नसतें. कॅम्बेल यांच्यासारखा संपादक प्रश्न विचारूं शकतो, परंतु त्या प्रश्नाला देह देण्याचें काम लेखकाला एकट्यालाच करावें लागतें. त्यानंतर श्रोत्याचा अधिकार सुरू होतो. बेट तरंगतें तर त्यावरचें झाड उभें कसें राहतें, लाट आली म्हणजे चालणाऱ्याचा तोल कसा सांवरतो, हे प्रश्न त्यानें जरूर विचारावे. मुळांत बेट तरंगूंच नये, असें म्हणण्याचा अधिकार मात्र त्याला नाहीं. डायसन यांचा विरोध या मर्यादेच्या बाहेर गेला होता, आणि मिलफर्डच्या वर्तुळांत बसणाऱ्यांनाही ती मर्यादा सांभाळावीच लागे. लूइस यांनीं टोल्किन यांच्या लेखनांत दोष दाखविले, तरी पुढचें प्रकरण मागण्याचें त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. सुमारें बारा वर्षें चाललेलें तें लेखन तडीस जाण्यास विद्वत्तेइतकीच ही मागणीही कारण झाली.