मालवाहू लष्करी विमान : भागीदारीचा तपशील

संयुक्त विकास : आराखडा, खर्च, जोखीम देशांनी वाटून घ्यायची.
परवाना उत्पादन : तयार आराखड्याच्या विमानाची बांधणी दुसऱ्या देशात.

एमटीए (बहुउद्देशीय मालवाहू विमान) : संयुक्त विकास
• भारत-रशिया करार २००७. भारताची एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) आणि रशियाची यूएसी (युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन), निम्मी-निम्मी भागीदारी. भारवहन सुमारे २० टन.
• अडचण इंजिनाची. भारतीय हवाई दलाला इंजिनाचे पूर्ण डिजिटल नियंत्रण हवे होते. रशियाने सुचवलेल्या पीएस-९० इंजिनात ते नव्हते. विमान कागदावरच राहिले.

सी-२९५ : परवाना उत्पादन
• एअरबस-टाटा. करार सप्टेंबर २०२१. एकूण ५६ विमाने : १६ स्पेनमधून तयार, ४० ची बांधणी वडोदऱ्यात. भारतीय हवाई दलाच्या जुन्या अॅव्रो मालवाहू विमानांच्या जागी.
• ७१ जवान किंवा सुमारे ९ टन माल. शेपटाखालचा रॅम्प उघडून छत्रीधारी जवान व सामान हवेतूनच उतरवता येते.
• प्रकल्प नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात येईल, अशी महाराष्ट्रात अपेक्षा होती. पायाभरणी मात्र वडोदऱ्यात, ३० ऑक्टोबर २०२२.
• पूर्वज सीएन-२३५ : स्पेन आणि इंडोनेशियाचा खराखुरा संयुक्त विकास. पहिले उड्डाण १९८३.

ए४००एम : संयुक्त विकास
• सात युरोपीय देशांचा करार, २००३. पहिले उड्डाण सेविल येथे, ११ डिसेंबर २००९. कमाल भार ३७ टन.