चंद्रकळेचा हिशेब

संक्रांतीस नव्या सुनेला नेसविली जाणारी काळी चंद्रकळा नावाने चंद्राची असली, तरी ज्या सणास ती पेटीबाहेर निघते तो सूर्याच्या मकरसंक्रमणाचा; हा विरोधाभास मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. काळे वस्त्र प्रकाश शोषून ऊब देते, हे हिवाळ्यास सोयीचेच. परंतु चंद्राचे वर्ष खरोखर कापडावर उतरवू म्हणाल, तर तिथींचे दप्तर गुंतागुंतीचे निघते: पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणून बारा आवर्तनांत ३५४ दिवस भरून सौरवर्षाशी सुमारे ११ दिवसांची बाकी राहते आणि ती अधिकमासात वसूल होते.

चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिरी संकष्टीला येणाऱ्या उपवासकऱ्यास ठाऊक असते की, आश्विनात चंद्र पावणेनऊच्या सुमारास उगवतो, वैशाखात मात्र दहा वाजवितो. कारण शरदात चंद्रमार्ग पूर्वक्षितिजाशी अधिक तिरकस असल्याने चंद्रोदय रोज थोडाच लांबतो. गोधडीवर संकष्टीमागून संकष्टी या वेळेचा एकेक टाका घातला, तर सरळ रेघेऐवजी लाट उमटेल.