कोटणीसांच्या आडनावाच्या नऊ रेघा

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव तीन अक्षरांचं: ख ती ह्वा. 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या नावांना शेवटी हे ‘ह्वा’ जोडलेलं होतं. ह्वा म्हणजे चीन. चिनी लिहायला शिकायचं ठरवलं तेव्हा म्हटलं, आधी हे नाव हाताला बसवू. पहिल्याच अक्षराने घाम काढला.

‘ख’मध्ये डावीकडे झाड आणि उजवीकडे उच्चार सुचवणारा भाग असतो. पुस्तकात बघून मी ते हुबेहूब उतरवलं. चिनी शिकवणाऱ्या बाईंनी वहीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “हे तुम्ही लिहिलेलं नाही, काढलंय.” आता मराठीत आपण अक्षर ‘काढतो’च, पण त्यांचा रोख कळला. झाडाची उभी रेघ मी खालून वर ओढली होती आणि शाईत ते दिसत होतं.

मग हवेत बोट फिरवणं सुरू झालं. चिनी शाळांत मुलं असंच शिकतात. बोट वर धरून रेघांची नावं मोठ्याने म्हणतात. हंग म्हणजे आडवी, शू म्हणजे उभी, फ्ये म्हणजे डावीकडे उतरणारी आणि ना म्हणजे उजवीकडे उतरणारी. एवढ्या चार रेघांत झाड उभं राहतं. मात्र ‘ख’मध्ये या झाडाला शेजारी आहे, म्हणून शेवटची ‘ना’ अंग चोरून नुसता ठिपका होते. उजव्या भागात आधी वरची लांब आडवी, मग तिच्याखाली छोटा चौकोन आणि सगळ्यात शेवटी आकडा असलेली उभी रेघ. चौकोनाच्या रेघा मात्र चार नव्हेत, तीन! वरची बाजू आणि उजवी बाजू हात न उचलता एका दमात येतात. इथे नवशिका हमखास चुकतो.

नियम थोडे आहेत: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी, उभी नंतर. बंद चौकटीच्या अक्षरांसाठीचा मला सर्वांत आवडतो: आधी माणसं घरात घ्या, मग दार लावा. ‘देश’ या अक्षरात तीन बाजू उभारायच्या, आतलं सगळं लिहायचं आणि तळाची रेघ शेवटी ओढायची.

पण अक्षर तेच दिसत असेल तर क्रमाचा एवढा आग्रह कशाला? मलाही ही हेकटपणाची हद्द वाटली होती. उत्तर भरभर लिहिलेली चिठ्ठी वाचताना मिळालं. घाईत कुंचला किंवा पेन उचललं जात नाही, दोन रेघा एकमेकींत मिसळतात आणि कुठली कुठलीत मिसळणार हे क्रमावर ठरतं. क्रम चुकला तर वाचणाऱ्याला भलताच आकार दिसतो. मोडी वाचणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको; तिथे शिरोरेघ ओळभर आधी ओढून अक्षरं तिला लटकवतात, बाळबोधीत ती शेवटी येते.

शब्दकोशाचंही गणित रेघांवर चालतं. 1716 च्या खांगशी या चिनी कोशात 214 मूलांगं, म्हणजे अक्षरांचे गट पाडणारे घटक, आहेत. ‘ख’ शोधायचं तर झाडाच्या, म्हणजे 75 व्या मूलांगाखाली उरलेल्या पाच रेघांच्या गटात जायचं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या संचलनात तर देशच रेघा मोजून आले. ग्रीसनंतर गिनी, कारण तिच्या चिनी नावाचं पहिलं अक्षर दोनच रेघांचं आहे. यजमान चीन रिवाजाप्रमाणे शेवटी.

रेघांचा हा क्रम आभाळातून पडलेला नाही, हेही खरं. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 मध्ये आपली पुस्तिका काढली. चीनने 1997 मध्ये 7000 अक्षरांचा क्रम ठरवून दिला आणि 2021 पासून लागू झालेल्या नियमावलीत 8105 अक्षरं आहेत. चिनी आणि जपानी क्रमांत सगळं जुळत नाही. ‘उजवा’ लिहिताना चिनी मूल आधी आडवी रेघ ओढतं, जपानी मूल आधी तिरकी. ‘डावा’ लिहिताना मात्र दोघंही आडवीपासूनच सुरुवात करतात.

‘ख’ आता न बघता येतं. ‘ती’मध्ये पुन्हा झाड आहे, त्यामुळे तिथली सुरुवात फुकटात मिळाली, पुढच्या आठ रेघा अजून अडतात. ‘ह्वा’ कोटणीसांच्या काळी जुन्या, गिचमिड रूपात लिहीत. आज चीनमध्ये लिहितात त्यात सहाच रेघा आहेत. वरच्या चार रेघा झाल्या की खाली अधिकच्या चिन्हासारखा ‘दहा’ येतो. आधी हंग, मग शू. ही उभी रेघ मी आता वरून खाली ओढतो.